काळजी नसावी

नोकरीभर अख्ख्या कुरुंद्याची पुढली दारं ठोठावून स्वतःच्या घरात मात्र मागल्या दाराने शिरणारा पोस्टमन मराठवाड्यात एकच झाला आणि तो माझा मामा होता, हे मी आजही मान ताठ करून सांगते. कारण होतं बुलबुल. पुढल्या दारावरच्या मधुमालतीत, हात पुरेल इतक्या खाली, दर उन्हाळ्यात त्याचं वाटीएवढं घरटं होई. पहिली काडी दिसली की मामा दाराला आतून कडी घाली आणि बाहेर पाटी लावी: 'मागून यावे'. मग दूधवाला, सरपंच, जावई, सगळे गोठ्यातून, म्हशीची शेपटी चुकवत. मला पाहायला आलेले पाहुणेही तसेच आले. मुलाच्या आत्याला शेपटी चुकवता आली नाही. "साडी धुता येते बाई, अंडं जोडता येत न्हाई," असं मामा उलट त्यांनाच समजावत बसला. ते स्थळ फिरलं. मामी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मला मात्र हायसं वाटलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

एकदा मी पक्ष्यांचं पुस्तकच त्याच्यापुढे धरलं. "बघ मामा. लालबुड्या बुलबुल. सगळीकडे आढळतो. नामशेष होण्याची काळजी नसावी, असं चक्क छापलंय."

मामा चष्मा पुसत हसला. "पोरी, लोकायची पत्रं वाचून दाखवण्यात माझा जलम गेला. ज्या पत्रात 'काळजी नसावी' लिहेल राहते ना, बराबर त्याच घरी तकलीफ राहते. चिमण्या लई होत्या, तवा त्यायचीबी काळजी कोनी केली न्हाई."

या वैशाखात मामा गेला. त्रिशरण झालं. धाकटा मामा पुढल्या दाराची कडी काढायला गेला, तर त्याच कडीवरून जन्मभर भांडलेली मामी उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"वहिनी, शेवटचं जाणं हाय दादाचं. मागून काहून?"

"पिल्लं हायेत," मामी म्हणाली. "पाटी त्यायनंच लावली हाय."

मामाला गोठ्यातून नेलं. खांदेकरी वाकून, म्हशीची शेपटी चुकवत निघाले.

आठवड्याने पिल्लं उडाली. पाटी काढू का, असं मी विचारलं.

"राहू दे," मामी म्हणाली. "पुढच्या साली लागंल."

आम्ही अजून मागूनच जातो.