आयर्नमंगर म्हणजे लोहार

मी वहिनीला सांगितलं की आयर्नमंगर म्हणजे लोहार. शब्दकोश समोरच्या फळीवर होता. उठायचा कंटाळा आला.

वहिनी सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणार होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी तिला अर्जच भरता आला नसता. पोरांचे डबे, सासूबाईंची औषधं उरकून दुपारी अभ्यासिकेत जायची आणि इंग्रजीपुरती माझ्याकडे यायची, कारण इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला घरात मी एकटाच. त्या पदवीचा उपयोग तोवर लोकांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढण्यापलीकडे झाला नव्हता. त्यामुळे मी जरा जास्तच फुगलो.

त्या दिवशी तिने जुन्या इंग्रजीतले एकाच शेपटीचे शब्द काढले होते. फिशमंगर, चीजमंगर, आयर्नमंगर, वॉरमंगर. यातला शेवटचा तेवढा मला येत होता: युद्ध घडवून आणणारा. झालं, मी तिथल्या तिथे नियम पाडला. मंगर दिसला की समजायचं, घडवणारा.

“मग फिशमंगर? मासे कोण घडवतं, भावजी?”

मी म्हणालो, पकडणं आणि घडवणं यात इंग्रज फारसा फरक करत नाहीत. इतकं धडधडीत मी नोकरीच्या मुलाखतीतही ठोकलं नव्हतं.

आयर्नमंगरपाशी मात्र ती अडली. तिचं माहेर घोटीचं. वडिलांचं तिथे लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या, भातकापणीचे विळे. तिचं म्हणणं, हा आयर्नमंगर आमच्या बाबांसारखाच कुणीतरी वाटतो, विकणारा. मी हसलो. ते हसणं आठवलं की अजून कान गरम होतात. म्हटलं, तुझे बाबा विकतात गं, घडवतो तो लोहार. लोहारच लिही. तिने स्वतःचं उत्तर खोडलं आणि माझं लिहिलं.

परीक्षेत नेमका तोच शब्द आला. वहिनी आनंदात घरी आली, म्हणाली, भावजींनी सांगितलेलंच विचारलं. संध्याकाळी माझ्यासाठी खास सीताफळाचं आइस्क्रीम आणलं गेलं. मी दोनदा घेतलं.

मग उत्तरतालिका लागली. तिच्यात लोहार हे उत्तर चूक ठरलं होतं. वहिनीचे मार्क अगदी काठावर येत होते, एकेका उत्तराने आत-बाहेर. तिने ते मान्य केलं. मी केलं नाही. उत्तरतालिकाच चुकली आहे, म्हटलं, हरकत नोंदव. तशी सोय असते. फक्त पुरावा जोडावा लागतो, एखाद्या मान्य शब्दकोशाच्या पानाचा फोटो. तो काढून द्यायचं मी रुबाबात कबूल केलं आणि त्यासाठी, पहिल्यांदाच, उठलो.

आयर्नमंगर: लोखंडी सामान विकणारा. मी पानं उलटून मंगरवर गेलो, काही पळवाट सापडते का बघायला. मंगर म्हणजे जुन्या बोलीत व्यापारी. मासे विकणारा, चीज विकणारा. माझा लाडका वॉरमंगरसुद्धा कसला घडवणारा? लढाईची फेरी घालणारा, दारोदार ती खपवणारा. एकूण एक विकणारे. तिचे बाबा पहिल्या दिवसापासून त्या पानावर बसलेले होते आणि मी त्यांना तिथून उठवलं होतं.

मी फोटो न काढताच स्वयंपाकघरात गेलो. वहिनीने विचारलं, पुरावा मिळाला का?

“मिळाला. पण त्यांच्या बाजूचा.”

तिने कुकरची शिट्टी बसवली. “असू दे,” म्हणाली. मला वाटलं होतं, चार शब्द सुनावेल. ते ऐकायची मी तयारीसुद्धा केली होती.

यादीत तिचं नाव आलं नाही. दादा म्हणाला, पेपरच अवघड होता. म्हणजे तिने नवऱ्यालाही काही सांगितलं नव्हतं. मी मान हलवली, पेपर अवघडच होता, आणि त्या रात्रीची सगळी भांडी न सांगता घासली. आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आता वहिनी आठवड्यातले काही दिवस घोटीला जाते. वडिलांचे गुडघे धरलेत, म्हणून दुकानात बसते. गल्ला, उधारी, गिऱ्हाईक, सगळं तीच बघते. उरक चांगला आहे तिला. पण हे तिने मागितलेलं नव्हतं. मी सुट्टीच्या दिवशी गाडी काढतो, दुकानात जातो आणि काहीतरी घेतो. नुसतं जाऊन उभं राहायची हिंमत होत नाही. काय हवं विचारलं, की बहुतेक वेळा बिजागऱ्याच तोंडात येतात.

परवा तिच्या वडिलांना राहवलं नाही. “पाव्हणं, बिजागऱ्या लय नेता तुम्ही. घरात दारं तरी किती हायत?”

मी काहीतरी पुटपुटत होतो. वहिनी खिळे तोलत होती. तिने काट्यावरची नजरसुद्धा काढली नाही.

“नेऊ द्या हो बाबा. शब्दकोशाला बसवत असतील. त्यांच्याच्याने उघडत नाही तो.”