दोन बॅटऱ्यांचा भित्रा माणूस

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस भित्राच असावा. न पटल्यास शूर मेकॅनिकने जोडलेल्या लिफ्टमध्ये बसून बघावं.

आपला मेकॅनिक तर भित्र्यांचा मेरुमणी होता. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघायचा, कुलूप ओढून बघायचा आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पुन्हा वर जायचा. बायको म्हणायची, "अहो, एक दिवस ते कुलूपच विचारेल तुम्हाला, काय काम काढलंत म्हणून."

ही भीती त्याने जन्मतः आणली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या उस्तादाने "काही होत नाही रे" असं म्हणत चालू लिफ्टच्या दोराला हात लावला आणि तीन बोटं गमावली. तेव्हापासून "काही होत नाही" हे शब्द ऐकले की हा हातातलं काम थांबवून सगळं पुन्हा तपासायचा. पुढची एकतीस वर्षं त्याने एकच नियम जपला. वीज गेली की ब्रेक आपोआप लागला पाहिजे. ब्रेक लावायला वीज लागत असेल, तर तो ब्रेकच नव्हे. त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही लिफ्टने कुणाला इजा केली नाही. अशा गोष्टीसाठी कुणी सत्कार करत नाही, ते सोडा.

त्याचा धाकटा मेहुणा चष्म्याच्या दुकानाचा मालक. माणूस दिलदार, पण सदा घोड्यावर स्वार. त्याला विमानांचा नाद लागला. खेळण्यातली नव्हेत, पंख पलंगाएवढे, वजन नऊ किलो, नाकावर पेट्रोलचं इंजिन आणि लाकडाचा पंखा. तो पंखा फिरताना दिसत नाही, नुसता ऐकू येतो. बोट मध्ये गेलं तर गेलंच. विमानाचा सांगाडा मेहुण्याने बांधला आणि विजेचं काम आपसूक दाजींच्या गळ्यात पडलं.

दाजींनी ते आपल्या स्वभावाला धरून केलं. एक बॅटरी रेडिओसाठी. खालून रिमोटने दिलेला हुकूम रेडिओ ऐकतो आणि शेपूट, पंखांच्या पट्ट्या हलवतो. दुसरी बॅटरी इंजिनच्या ठिणगीसाठी. दोन्ही कामं एकाच बॅटरीवर चालवली तर वजन वाचतं, असं मेहुण्याचं म्हणणं. "आणि ठिणगीची खरखर रेडिओच्या कानात शिरली तर?" असं म्हणून दाजींनी एक बॅटरी नाकाकडे ठेवली, दुसरी पार पंखांच्या मागे. दोघींना वेगवेगळी बटणं. इंजिनच्या थरथरीने निसटू नयेत म्हणून प्रत्येक प्लग दोऱ्याने बांधलेला. आणि ठिणगीच्या वाटेवर एक लाल डबी. रेडिओ जिवंत असेल आणि रिमोटवरची कळ वर असेल, तरच डबी ठिणगीला सोडणार. रेडिओ मेला की ठिणगी बंद, इंजिन बंद, विमान तरंगत खाली. माळावरचे विमानवाले त्याला 'डबल' म्हणू लागले. डबल बॅटरी, डबल बटण, डबल भीती. तोही हसायचा, पण ते त्याला लागायचं.

मागच्या महिन्यात हवेत असताना इंजिन बंद पडलं. मेहुण्याने कसंबसं विमान दगडांत उतरवलं, चाक मोडलं.

"दाजी, तुमची डबी एक दिवस माझं विमान खाणार."

"डबी ओरडते आहे रे. रेडिओला कुठेतरी झटका बसतोय, तो शोध. ओरडणाऱ्याचा गळा काय दाबतोस?"

"काही होत नाही हो, दाजी."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी माळावर बरीच गर्दी होती. मेहुण्याच्या आग्रहामुळे बायकोही पहिल्यांदाच आली होती, घडीच्या खुर्चीवर बसून चहाचा थर्मास सांभाळत होती. मेकॅनिक गुडघे टेकून विमानाचं शेपूट धरून बसला होता. रिमोट मेहुण्याच्या गळ्यात लटकत होता आणि त्यावरची ठिणगीची कळ खाली होती. मेकॅनिकने ती डोळ्यांनी पाहिली. कळ खाली म्हणजे ठिणगी नाही. इंजिनात पेट्रोल ओढलं जावं म्हणून मेहुण्याने पंखा हाताने फिरवला.

इंजिन खोकलं.

एकदाच, पण खोकलं. डबी जागेवर असती तर हे होणंच शक्य नव्हतं.

"अरे, कळ खाली होती ना?"

"वर असेल हो. झाली सुरू शंका!"

"झाकण उघडून एकदा बघू."

"डबल साहेबांचं झालं बघा सुरू!" मागून कुणीतरी म्हणालं आणि दहाबारा माणसं खो खो हसली. बायकोसुद्धा हसली, मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "अहो, आज तरी. सगळे बघतायत."

त्याचे कान तापले. इंजिन सुरू झालं. आणि त्याने शेपूट सोडलं.

विमान वर गेलं, सुंदर वळलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार मिनिटं मेकॅनिक मनातल्या मनात 'उतरव, उतरव' म्हणत होता. पाचव्या मिनिटाला मेहुण्याने डावीकडे वळण दिलं आणि विमान सरळच गेलं.

"वळ ना," मेहुणा म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. मग त्याने रिमोट डोक्यावर धरून दांड्या गरागरा फिरवल्या. विमान एकसुरी आवाज करत, किंचित उजवीकडे कलत, झाडांवरून वस्तीच्या दिशेने निघालं. इंजिन उत्तम चाललं होतं. ते बंद करायला आता जगात कुणी नव्हतं.

"टाकीत किती आहे?" मेकॅनिकने विचारलं.

"बावीस मिनिटांचं भरलं होतं." मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला.

सतरा मिनिटं उरली होती. तिघेही गाडीत बसले. मेहुणा रिमोट खाली ठेवायला तयार नव्हता, म्हणून गाडी मेकॅनिकने चालवली. बायको खिडकीतून अर्धी बाहेर वाकून आवाज ऐकत होती. "उजवीकडे! नाही, ती मोटारसायकल आहे." रविवारची सकाळ, रस्त्यावर पोरं सायकली चालवत होती, म्हातारी माणसं बाकांवर ऊन खात बसली होती. मेकॅनिकला प्रत्येकाचा फक्त माथा दिसत होता. एका चौकात आवाज अगदी डोक्यावर आला, गेला. दुसऱ्या चौकात आलाच नाही. त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, तिघांनी श्वास रोखला.

मग कुठेतरी काहीतरी फाटल्याचा आणि आपटल्याचा आवाज झाला, आणि एक बाई किंचाळली.

चौथा मजला. त्या इमारतीला लिफ्ट होती, पण त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही, धापा टाकत जिन्याने चढला. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. एक चादर उभी चिरलेली, तिच्या खाली विमान उताणं पडलेलं, पंखा तुटलेला, टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल ठिबकत होतं. दाराशी एक बाई उभी होती, हातात चिमट्यांची टोपली.

"लागलं का? कुणाला लागलं का?"

"मी चिमटे आणायला खाली गेले होते," बाई म्हणाली. तेवढंच पुन्हा म्हणाली. "आत्ता, चिमटे आणायला."

"मागे व्हा. जवळ येऊ नका कुणी." ठिणगीची बॅटरी अजून जिवंत होती आणि पेट्रोल तिच्याकडे सरकत होतं. भीतीने त्याला डोळ्यांसमोर नीट दिसत नव्हतं, पण बोटांना काम ठाऊक होतं. आधी ठिणगीचं बटण, मग तिचा प्लग. मग ती बॅटरी उचलून त्याने गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या फरशीवर नेऊन ठेवली. परत येऊन झाकण उघडलं. रेडिओचा प्लग निसटून लोंबत होता, दोरा कापलेला. लाल डबीच्या जागी दोन तारा चिकटपट्टीने जोडलेल्या.

मेहुणा गच्चीवरच मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

"डबी मीच काढली, दाजी. तिच्यासाठीच दोरा कापला, मग बांधायचा राहिला. तुम्ही कानीकपाळी ओरडत होतात, मी ऐकलं नाही. सगळं पाप माझं. तुमचा यात काही दोष नाही."

बायकोने मेकॅनिकचा दंड धरला. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्हीच बरोबर होतात हो. आम्ही सगळे उगाच हसायचो. यापुढे कुणी हसून तर दाखवू दे."

इतकी वर्षं हे ऐकायला त्याचे कान आसुसले होते. गप्प बसला असता तर ते त्याचंच झालं असतं.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"इंजिन खोकलं तेव्हाच. डबी नाही, हे मला तिथेच कळलं होतं. शेपूट माझ्या हातात होतं. मी सोडलं."

मेहुण्याचं रडणं थांबलं. बायकोने दंड सोडला नाही, पण तिची पकड सैल झाली.

"मग सोडलंत का?" तिने विचारलं.

"तुम्ही सगळे हसत होतात."

चिमटेवाल्या बाईने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती चिरलेली चादर दोरीवरून ओढून काढू लागली. दोरी उंच होती, हात पुरत नव्हता, म्हणून तो पुढे झाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही हात नका लावू."