आतल्या खोलीतला हुंकार

चंद्राबाईंना मनातल्या मनात वाचता येत नाही. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. आटपाडीकडच्या माहेरी वडील पोथी लावायचे, त्यांच्या बोटामागे डोळे फिरवत त्या अक्षरं शिकल्या. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा त्या मोठ्यानं, हेल काढून वाचतात. सून अंकिता सुरुवातीला हसायची, मग तिलाही त्याची सवय झाली.

वडिलांच्या घरी पोथीचे दोन नियम कडक होते. ऐकणाऱ्यानं ओवीओवीला 'हं' म्हणून हुंकार भरायचा, आणि हुंकार आला नाही तर वाचणाऱ्यानं पुढं जायचं नाही. दुसरा नियम असा, की घरात जे वाचलं जातं त्याचं फळ घराला मिळतंच. पोथीच्या शेवटी तसं लिहिलेलंच असतं, त्यामुळे चंद्राबाईंना त्यात कधी शंका आली नाही.

कुपवाडच्या कारखान्यांपलीकडं, सावळीच्या वाटेवर त्यांचं तीन खोल्यांचं घर आहे. चंद्राबाईंचे मालक हंबीरराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बोलायला लागले की शेजारीपाजारी काहीतरी काम आठवून उठायचे, असा माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण वाचा गेली. घशातून निघणारा एक 'हं' तेवढा उरला. बाकीच्यांना वाटायचं, म्हातारा कण्हतोय. चंद्राबाईंनी मात्र तो ओळखला आणि सरळ पोथी काढली. आत उजेड कमी, म्हणून त्या बाहेर सोप्यात, पुढच्या खोलीत, बसायच्या आणि आतल्या खोलीतून, खाटेवरून हुंकार यायचा. चाळीस वर्षांच्या संसारात या गृहस्थानं बायकोचं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

घरातल्या पोथ्या संपल्यावर साताऱ्याला नोकरीला असलेल्या मुलानं, शिवतेजनं, तीन कादंबऱ्या आणून दिल्या. चंद्राबाईंनी त्याही लाल फडक्यात बांधल्या आणि हात धुऊनच उघडल्या.

पहिली ऐतिहासिक होती. त्यातल्या सरदाराच्या भावकीवर त्या अशा तापल्या की दोन दिवस स्वतःच्या जावेशी धड बोलल्या नाहीत. पण सरदार शेवटच्या लढाईत पडणार हे प्रस्तावनेतच सांगून टाकलेलं. घरात मरण वाचायचं म्हणजे त्याचं फळ कुणाला? खाटेवर तर एकच माणूस होता. त्यांनी शेवटचा अध्याय तसाच ठेवून फडकं बांधलं. आतून दोनदा 'हं' आला, तरी त्या बधल्या नाहीत.

दुसरी अद्भुत होती. तळ्याखालचं नगर, बोलणारे मासे, आणि मेलेली माणसं चार पानांत परत हजर. ही त्यांनी बिनघोर वाचली. परत येणाऱ्या माणसाचं मरण ते कसलं मरण, असं म्हणून त्या मनापासून हसल्या.

तिसरीनं मात्र त्यांना छळलं. पन्नास पानं झाली तरी कुणी उठून दार उघडेना. एक बाई सोप्यात तांदूळ निवडते आणि नवरा आतल्या खोलीत पडून असतो, एवढंच. लिहिणाऱ्याला आपलं घर कसं ठाऊक, या विचारानं त्यांना पुस्तक हातात धरवेना. पण आतून हुंकार यायचा, म्हणून त्या वाचत राहिल्या.

त्या गुरुवारी त्यांनी दहा वाजता मालकांना पेज भरवली, चादर घातली आणि धुणं उरकलं. एक वाजता सोप्यात बसून त्यांनी विचारलं, वाचू का? 'हं' आला. त्या दिवशीचा हुंकार वेगळा होता. त्यात कण्हणं नव्हतं. आजाराआधीच्या आवाजासारखा खणखणीत, आणि खाटेवरून नाही तर उंबऱ्याजवळून आल्यासारखा. आज ह्यांना बरं वाटतंय, असं समजून चंद्राबाईंना आनंदच झाला. दोन तास त्या वाचत होत्या.

मोठ्यानं वाचणाऱ्याचं तोंड डोक्याच्या पुढं धावतं. पान उलटलं, बाईनं तांदळातला खडा बाजूला काढला, आतल्या खोलीत नवरा मेला, बाईनं दुसरा खडा काढला. एका वाक्यात. ना लढाई, ना प्रस्तावना. चंद्राबाईंना अर्थ कळला तेव्हा वाक्य म्हणून झालं होतं. त्या थांबल्या. आतून काही आलं नाही.

हुंकार नाही म्हणजे पुढं जायचं नाही. आणि उठून आत जायचं धाडसही होईना. साडेचारला अंकिता कारखान्यातून आली, तोवर त्या तशाच बोट पानावर ठेवून बसल्या होत्या. अंकिता चहा घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

डॉक्टर आले. अंग ताठ झालं होतं. सकाळी अकराच्या सुमारासच गेलेत, असं ते म्हणाले.

चंद्राबाईंनी अन्न सोडल्यासारखं केलं. आपल्याच तोंडानं नवऱ्याला मारलं, हे त्यांच्या मनातून जाईना. बाराव्या दिवशी अंकिता ताट घेऊन समोर बसली.

"आत्याबाई, डॉक्टर अकरा म्हणालं. तुमी एक वाजता वाचाय बसलासा. तुमच्या वाचण्यानं काय बी झालेलं न्हाई."

"मग दोन तास हं कोण म्हणत हुतं?"

अंकितानं ताट खाली ठेवलं.

चंद्राबाई मात्र त्या प्रश्नाला चिकटून बसल्या. जिवंतपणी हुंकार देत होते, तर पाप आपलं. पण माणूस गेल्यावरही ऐकत असेल, तर तो आपल्या वाचण्यानं गेला नाही. हे कळायला एकच वाट होती: पुन्हा वाचायचं आणि हुंकार येतो का ते ऐकायचं. तेरावं झाल्यावर रविवारी दुपारी त्यांनी हात धुतले, पहिल्या कादंबरीचं फडकं सोडलं आणि सरदाराच्या मरणाचा राहिलेला अध्याय काढला. अंकिताला त्यांनी सगळं सांगितलं होतं. ती शेजारी येऊन बसली.

चंद्राबाई वाचू लागल्या. सरदार घोड्यावरून पडला. त्यांनी वाक्य पुरं केलं आणि त्या थांबल्या. आतल्या खोलीत रिकामी खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. त्या दोघींशिवाय घरात चिटपाखरू नव्हतं. अंकिताला सासूचं तोंड बघवेना. तिनं मान खाली घालून, पदराआडून, जमेल तेवढ्या जाड आवाजात 'हं' म्हटलं.

चंद्राबाई रागावल्या नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला होता. त्यांनी सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू म्हणू नगंस, बाई. दोन एकदम आलं की मालकांचा नीट ऐकू येत न्हाई."

आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवून त्या वाचू लागल्या.