पॉलिसी जात नाही हो!

पंधरा वर्षं मी एचआयव्ही तपासणीच्या शिबिरांत कौन्सेलर आहे. लोकांना वाटतं, या कामात नुसती रडारड असंल. असते की! पण किस्से शोधायला जावं लागत नाही, उन्हाळ्यातल्या घामोळ्यासारखे आपोआप उठतात. नावं बदलून सांगते हं.

सगळे वाळूजच्या एकाच कारखान्यातले. तिथं वर्षाच्या तपासणीत एचआयव्हीची टेस्टही धरली, खर्च कंपनीच्या आरोग्य पॉलिसीतून. मी घसा फोडून सांगायची, "पॉझिटिव्ह आलं तरी पॉलिसी जात नाही, नोकरी जात नाही, कायदा आहे! रिपोर्ट फक्त तुम्हाला." सगळे माना डोलवायचे अन् मागच्या दारानं चहाला पसार!

*

फॉर्मवर एक ओळ होती, 'रिपोर्ट आणखी कुणाला सांगायचा?' सुपरवायझर कांबळेकाकांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'बायको सोडून कुणालाही!'

"काका, तिलाच तर सांगायला पाहिजे."

"निगेटिव्ह आला तरी विचारंल ना, टेस्ट करायची वेळच का आली!"

*

पॅकिंगच्या शांताबाई शेंद्र्याहून यायच्या. डाव्या हाताचं रक्त घेऊन झालं तरी खुर्चीवरून उठेनात. "पॉलिसीत फुकट हाय नव्हं? मग उजव्याचं बी घ्या!"

*

एचआरचे साहेब कानाशी आले. "मॅडम, फक्त पॉझिटिव्हवाल्यांची लिस्ट द्या. तेवढीच."

माझं डोकंच सटकलं. "लिस्ट कुणाला मिळत नाही, साहेब. टेस्ट करायचीय? या, तुमच्यापासूनच सुरू करू!" साहेब जे गेले, ते दिवसभर दिसले नाहीत.

*

प्रेस मशीनवरचा संतोष मात्र खरंच घाबरलेला. बायकोला आठवा महिना, डिलिव्हरी कंपनीच्या पॉलिसीवर. "पॉझिटिव्ह आलं अन् पॉलिसी गेली तर तिचं कसं, मॅडम?" अर्धा तास समजावलं. "जेवणाच्या सुट्टीत येतो," म्हणाला.

सुट्टीत 'संतोष' अशी हाक मारली, तर भलताच माणूस बाही सरसावून बसला!

"मी रफिक. संतोष मशीनवर हाय. पंचिंग आम्ही एकमेकांचं करतोच की!"

"अरे, हजेरी आहे का ही? उद्या त्याला काही निघालं तर गोळ्या तू खाणार?"

रफिकनं मान खाली घातली. "भाभी के लिए किया, मॅडम. लई रडत होता वो."

रागावले होते, पण डोळे भरून आले माझे. संतोषला बोलावलं. खुर्चीत बसला, रक्त दिलं. अर्ध्या तासानं रिपोर्ट हातात दिला. निगेटिव्ह! पठ्ठ्यानं तिथंच बायकोला फोन लावला अन् लहान पोरासारखा रडला.

बाहेर रफिक येरझाऱ्या घालत होता. संतोषनं त्याला मिठीच मारली. मी म्हटलं, "चला रफिकभाई, आता तुमचा नंबर."

रफिकनं बाही खाली ओढली.

"मेरा तो सुबेच हो गया, मॅडम! मेरे नाम पे संतोष देके गया ना!"