वगळलेल्या प्रार्थना

मी चौथीपर्यंत शिकले. निपाणीकडच्या आमच्या गावात मुलींना तेवढं पुरे समजायचे, आणि पुढे तंबाखूच्या वखारीत अक्षरांशी माझा काही संबंध आला नाही. लग्नानंतर बेंगळूरला आले. नवरा कारखान्यात होता. आम्ही भाड्याच्या खोल्या बदलत राहिलो. कन्नड बोलायला मी शिकले, वाचायला शिकले नाही. दुकानांच्या पाट्या मला अजूनही रांगोळीसारख्या दिसतात.

नवरा गेल्यावर मुलाने मला मारतहळ्ळीला आपल्या घरी आणलं. अकरावा मजला. मुलगा आणि सून सकाळी नऊला निघतात आणि आठला परत येतात. मधले अकरा तास माझे. स्वयंपाक दोन तासांत उरकतो. बाल्कनीतून रिंग रोड दिसतो, त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या असतात. गाड्या पुढे सरकतात का ते बघण्यात काही दिवस गेले. मग तेही बघवेना. पहिल्या वर्षात माझ्याशी दिवसा बोललेली माणसं मी बोटांवर मोजू शकते. एक कुरिअरवाला, एक पाण्याचा नळ बघायला आलेला माणूस. तो "स्वल्प थांबा" म्हणाला आणि चार दिवसांनी आला.

बाईंची ओळख लिफ्टमध्ये झाली. दार माझ्या पदरावर मिटलं आणि मी त्याला एक शिवी हासडली. मागे काळा चष्मा लावलेली एक म्हातारी उभी होती. ती हसली.

"किती वर्षांनी ऐकली ही शिवी," ती म्हणाली. "निपाणी का गडहिंग्लज?"

"निपाणी. तुम्हाला शिव्यांवरून गाव कळतं?"

"तीस वर्षं शाळेत होते. मुलं शिव्या घरूनच आणतात."

ती सोलापूरकडची, ख्रिस्ती, गडहिंग्लजच्या शाळेतून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं. पुतण्याच्या रिकाम्या घरात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. डोळे काचबिंदूने गेले होते. उजेड आणि अंधार कळायचा, अक्षर दिसत नव्हतं. तिसरा मजला येईपर्यंत तिने मला विचारून घेतलं, "मराठी वाचता येतं का, अक्का?" या गावात म्हाताऱ्या बाईला सगळे अक्काच म्हणतात.

"येतं. सावकाश."

"मला कुठे घाई आहे?"

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी खाली गेले. भिंतीला एक मोठं लोखंडी कपाट होतं आणि त्यात नुसत्या कादंबऱ्या. बहुतेक इंग्रजीतून मराठीत आणलेल्या, कागद पिवळा, छपाई बारीक. ख्रिस्ती लोकांसाठी छापलेल्या. बाईंनी त्या आयुष्यभर जमवल्या होत्या. मी धर्माची पुस्तकं समजून नाक मुरडलं, पण पहिल्याच पुस्तकात सोळाव्या पानावर विहिरीत प्रेत सापडलं. मी खुर्ची पुढे ओढली.

तेव्हापासून रोज तीन ते पाच. काही गोष्टी फार जुन्या काळच्या होत्या. रोमच्या बादशहाचं राज्य, एक विधवा विणकरीण, तिच्या मागाखालच्या तळघरात लपलेली माणसं आणि वर खोलीत शिपाई. काही अलीकडच्या. बर्फाचं गाव, निनावी चिठ्ठ्या, देवळाच्या घंटेच्या दोरीला रक्त. सगळ्यांत एक भला माणूस असायचा, तो पहिल्यापासून वाईट वाटायचा, आणि एक फार गोड बोलणारा असायचा, तो मात्र भरवशाचा नसायचा. हे तिसऱ्या पुस्तकात माझ्या लक्षात आलं. तरी मी कधी कधी चुकायचे.

परदेशी नावं माझ्या जिभेवर बसत नव्हती. दर ओळीला अडखळायला व्हायचं. म्हणून मी माणसांना त्यांच्या कामावरून हाका मारायला लागले. डॉक्टर, चर्चचा पाळक, विणकरीण, गाडीवाला. बाई म्हणाल्या, "सरी, बरंय, असंच चालू दे. मलाही ती नावं कधी पाठ झाली नाहीत."

प्रकरण संपलं की आम्ही थांबायचो आणि गुन्हेगार कोण यावर भांडायचो. बाई म्हणायच्या, "मला तो गाडीवाला बरा दिसत नाही." मी म्हणायचे, "गाडीवाला गरीब आहे म्हणून तुम्हाला तो चोर वाटतो. शिकलेल्या लोकांचं असंच असतं." त्या खो खो हसायच्या. बहुतेक वेळा त्यांचा अंदाज चुकायचा आणि माझा बरोबर यायचा. चौथी पास बाई शिक्षिकेला हरवते याचा मला गर्व होता. तो लपवण्याइतकी मी चांगली नाही.

घरी सून म्हणाली, "आई, धर्म बदलताय की काय?"

"खून कोणी केला ते कळेपर्यंत तरी नाही," मी म्हटलं.

मुलगा हसला आणि जेवता जेवता फोनकडे वळला. तेवढंच बोलणं त्या दिवशी झालं.

आता माझी लबाडी सांगते. या कादंबऱ्यांत माणसं फार प्रार्थना करायची. जिन्यावर खुनी उभा, आणि ही बाई खोलीत गुडघे टेकून बसते. आधी कडी लाव की! एकेक प्रार्थना पान पान चालायची. हे बापा, हे प्रभू, मी दुर्बळ आहे, मला बळ दे. मला तिकडे जिन्यावर काय झालं ते हवं असायचं. एक दिवस मी चार ओळी सोडल्या. बाई काही बोलल्या नाहीत. मग मी अर्धं पान सोडलं. नावं बदललेली चालतात तर हेही चालेल, अशी मी मनाची समजूत घातली. शिवाय ज्याला दिसत नाही त्याला काय कळणार, हाही विचार केला होता. तो लिहायला बरा वाटत नाही, पण केला होता. पुढे पुढे 'हे प्रभू' दिसलं की माझं बोट आपोआप पान उलटायचं आणि मी 'आमेन'च्या पुढून सुरू करायचे.

असं सहा महिने चाललं.

मग ते इस्पितळाचं पुस्तक आलं. डोंगरावरचं मिशनचं इस्पितळ, हिवाळा, एक तरुण नर्स नाहीशी झालेली. पोलीस म्हणतात दरीत पडली. माझा संशय डॉक्टरवर होता आणि तो खरा निघाला. त्याच्यापासून जीव वाचवायला नर्स पळाली होती आणि मेंढपाळाच्या झोपडीत लपली होती. पण शेवटी इस्पितळाची म्हातारी मेट्रन कंदील घेऊन पोलिसांना थेट त्या झोपडीशी नेते. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी मागची दोन प्रकरणं चाळली, काही सापडलं नाही.

"हे काही बरोबर नाही," मी म्हटलं. "लिहिणारा चुकला. मेट्रनला कसं कळलं?"

बाई म्हणाल्या, "तिनेच मागचं फाटक उघडून नर्सला वाट दाखवली होती."

"कुठे लिहिलंय?"

"तिच्या प्रार्थनेत. साधारण मध्यावर. पोलिसांना सांगता येत नाही म्हणून ती देवाला सांगते. सबंध पुस्तकात ती कबुली एकदाच येते."

मी पुस्तक मिटलं. कानशिलं तापली होती.

"तुम्ही हे पुस्तक आधी वाचलंय," मी म्हटलं.

"या कपाटातलं प्रत्येक वाचलंय. काही तीन-तीनदा."

"मग गाडीवाल्यावर संशय, पाळकावर संशय, ते सगळं काय होतं?"

"तुम्हाला जिंकायला आवडतं."

"म्हणजे सहा महिने खोटं बोललात."

"आणि तुम्ही सहा महिने काय केलंत, अक्का? माझे डोळे गेलेत. कान आहेत." त्या रागावलेल्या नव्हत्या. तसा आवाज वर्गात एखाद्या पोराला शेवटच्या बाकावर पाठवताना काढत असतील. "खून कोणी केला ते ऐकायला मी तुम्हाला बोलावत नव्हते. कंबर धरते म्हणून मला चर्चला जाता येत नाही. दोन वर्षं झाली. मला फक्त तेवढंच ऐकायचं होतं, आणि तुम्ही नेमकं तेवढंच सोडत होतात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी पुस्तक तसंच हातात घेऊन वर निघून आले. त्यांनी 'उद्या या' म्हटलं नाही. मीही येते म्हटलं नाही.

त्यानंतरचे बारा दिवस मला नीट आठवतात. तीन वाजले की अंग उठायला बघायचं. मी पंख्याची पाती पुसली. डाळी निवडल्या, पाकिटातल्या, ज्यात खडा नसतोच. एकदा उगाच लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेले आणि बाईंच्या दाराशी उभी राहिले. आतून फोन मोठ्याने वाचून दाखवत होता. पुतण्याने काहीतरी बसवून दिलं असणार. गुळगुळीत आवाज, कुठे अडखळत नव्हता, श्वास घेत नव्हता आणि काही वगळतही नव्हता. मी वर आले. एखादी वस्तू बदलतात तशी आपली बदली झाली, असं वाटलं. कोणाला सांगणार? सून विचारायची, "आई, खाली जात नाही हल्ली?" मी म्हणायचे, "पाय दुखतात." ती तेल लावून देऊ का विचारायची. चांगली पोरगी आहे. पण आठ वाजता दमून येते.

इस्पितळाचं पुस्तक माझ्याकडेच होतं. ते परत करायला हवं होतं. त्याआधी मी ती प्रार्थना शोधली. मेट्रन गुडघ्यावर बसलेली नसते. ती कपडे वाळत घालता घालता बोलते. म्हणते, मी फाटक उघडलं, बरोबर केलं का ठाऊक नाही, आता त्या मुलीची थंडी मला वाजते आहे. पुढेही बरंच काही आहे. मी ते मोठ्याने वाचलं. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकला की कसंतरी होतं. मी थांबले आणि बाकीच्या प्रार्थना मोजल्या. कागदाचे कपटे घालून खुणा केल्या.

तेराव्या दिवशी तीन वाजता घंटा वाजवली. बाईंनी दार उघडलं.

"कोण?"

"मी. पुस्तक आणलंय."

"ठेवा टेबलावर."

मी ठेवलं नाही. "यात अठरा प्रार्थना मी सोडल्या. त्या वाचून जाते. गोष्ट नाही वाचत. नुसत्या त्याच."

"एकोणीस," बाई म्हणाल्या. "एक फार लहान आहे. चुकली असेल तुमची." आणि बाजूला झाल्या.

मी एकापाठोपाठ वाचल्या. मला क्षमा मागता येत नाही, लहानपणापासून नाही. हे वाचणं क्षमा मागण्यापेक्षा अवघड गेलं. लांब वाक्यं, जोडाक्षरं. बाई प्रत्येकीनंतर हळू 'आमेन' म्हणायच्या आणि मी पुढच्या कपट्यावर जायचे. लहानवाली त्यांनी मला शोधायला लावली. ती तीनच शब्दांची होती.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही घरी करता का काही?"

"देवाला दिवा लावते. बोलत नाही."

"का?"

"पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटत नाही. नवरा गेल्यापासून तर नाहीच." शिक्षिका आहे, ख्रिस्ती आहे, आता उपदेश करणार, म्हणून मी अंग आवळून बसले.

बाई म्हणाल्या, "मलाही रोज वाटत नाही. डोळे गेल्यावर तर शब्दच येईनात. म्हणून दुसऱ्यांच्या ऐकते. त्या मेट्रनला जमतं, विणकरणीला जमतं."

"आणि तो फोन?"

"तो चांगला वाचतो. पण मेट्रन कोण आणि वीजबिल कोण, त्याला काही फरक पडत नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही वाईटच वाचता. चष्म्याचा नंबर बघून घ्या."

मी त्या आठवड्यात नंबर बदलून घेतला. आता पुन्हा तीन ते पाच जाते. गुन्हेगार कोण याचं भांडण बंद झालं. त्यांना माहीत असतं हे मला माहीत आहे, त्यामुळे त्यात मजा राहिली नाही, आणि ती गेल्याचं मला वाईट वाटतं. माझे अंदाज मी मनात करते. पाच वाजता वर येते. आठपर्यंतचे तीन तास आहेत तसेच आहेत.

प्रार्थना सगळ्याच मला आवडतात असं नाही. काही नुसती लांबण असते. काल एक चार पानांची आली, एका कैदी पाळकाची. दुसऱ्या पानावर बाईंची मान कलंडली. तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. माझा पाय आखडला होता आणि पुढच्या प्रकरणात कैदी पळणार हे दिसत होतं. मी उरलेली अडीच पानं वाचली, त्याच आवाजात, आमेनपर्यंत. मग पुस्तकात खूण घातली, पंखा एकवर केला आणि दार ओढून घेतलं.