कुंडातल्या आंघोळीचा उगम

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिल्याला आठ दिवस झाले होते. इन्सुलिनचे पेन फ्रिजच्या दारात होते आणि मी, निवृत्त शिक्षक, सुई घ्यावी की नाही याचा अजून अभ्यासच करत होतो. वहीत दोन रकाने आखले होते: कोणी सांगितले, आणि त्याला कोणी सांगितले.

शरीरात इन्सुलिन कमी पडू लागले की ते बाहेरून द्यावे लागते, हे डॉक्टरांनी समजावले होते. पण दूधवाला म्हणाला, "गुरुजी, सुई कशाला? वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाच आंघोळी करा. साखर उतरते." मला मनातून नेमके हेच ऐकायचे होते. तरी नियमाप्रमाणे विचारले, "तुला कोणी सांगितले?"

"दिघाशीच्या मेव्हण्यानं."

मी त्याला मेव्हण्याला फोन लावायला सांगितले. त्याने माझी ओळख सांगून फोन माझ्या हाती दिला. मेव्हणा म्हणाला, "शिकलेल्या मानसानं सांगितलंय. उगाच न्हाय."

"कोणत्या माणसाने?"

"अवो, तुमीच की. गेल्या साली, बसमध्ये."

मग आठवले. कुंडावरून परतताना मी बसमध्ये बोट टोचून साखर मोजली होती. ती कमी भरली, तेव्हा सगळ्या बसला कुंडाचे गुण समजावले होते. त्या दिवशी माझा कडक उपास होता, एवढेच सांगायचे राहिले होते.

दोन्ही रकान्यांत स्वतःचे नाव लिहून मी वही मिटली. दवाखान्यात फोन करून मात्रा पुन्हा विचारली आणि सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे पोटावर सुई टोचली.

दूधवाल्याला बजावले, "मेव्हण्याला सांग, साखर उपासाने उतरली होती."

"सांगतो. पण कोनी सांगितलं म्हनून इचारलं तर?"

"डॉक्टरांचे नाव सांग," मी म्हणालो.