हैदराबादला न निघालेलं रक्त

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. बीएस्सी केमिस्ट्री झालोय, आणि वर स्वभाव वादावादीचा. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की "आधी बीपी तपासा" म्हणणारा पहिला मीच. आई नेहमी म्हणायची, "एक दिवस तुझं तोंड बंद हुईल बघ." झालं... म्हणून तर लिहायला बसलोय.

मी मुरुमचा. तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव. बाजारात मोबाईल रिपेअरिंगचं छोटंसं दुकान आहे. गल्लीतला दोस्त सलीम शिवणकाम करतो, त्यानंच मला 'स्टडी'ची वाट दाखवली. स्टडी म्हणजे औषधांची चाचणी. हैदराबादला जायचं, तपासण्या द्यायच्या, पास झालो की तीन दिवस वॉर्डात मुक्काम. सकाळी उपाशीपोटी गोळी देतात, तोंड उघडून जिभेखाली टॉर्च मारून गिळली की नाही बघतात, आणि मग ठरल्या मिनिटाला हातातून रक्त काढत राहतात. त्याचे पैसे मिळतात. दोन स्टडींमध्ये तीन महिन्यांचं अंतर लागतं आणि ते मी नेमानं पाळलेलं — हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर खाली कमेंटमध्ये कुणीतरी तेच विचारणार.

घरी मात्र थाप. पुण्याला कंपनीच्या ट्रेनिंगला चाललोय म्हणून सांगायचं. वॉर्डात शिरताना फोन लॉकरात जातो. फॉर्मवर 'तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं' असा रकाना असतो, तिथं घरचा नंबर दिला तर बिंग फुटणार. म्हणून मी सलीमचा नंबर लिहायचो आणि सलीम माझा. दोघंही एकाच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटेवर आणि दोघांचेही फोन एकाच लॉकरात बंद! असले आम्ही शहाणे.

ही माझी तिसरी खेप. धाकटी बहीण राणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डॉक्टरांनी अजून दोन आठवडे सांगितलेले. म्हटलं, तीन दिवसांत जाऊन येतो, हातात काहीतरी असलेलं बरं. निघताना ती म्हणाली, "दादा, पुण्याहून बाळाला झबलं आण." मी बरं म्हणालो. खोटं बोलायचीसुद्धा सवय होते माणसाला.

हैदराबादला सगळ्या तपासण्या पास झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गोळीआधीचं रक्त घ्यायचं होतं. माझी शीर म्हणजे वॉर्डात कौतुकाचा विषय, डोळे झाकून सापडते. सिस्टरनं डाव्या हाताला सुई लावली. सुई शिरेत गेली, पण रक्त आलं नाही. तिनं जागा बदलली... काही नाही. उजवा हात घेतला. मग तिच्या सीनियर आल्या, मग ड्युटीवरचे डॉक्टर. दोन्ही हातांना मिळून सहा ठिकाणी टोचलं. गंमत म्हणजे सलाईनचं पाणी त्याच सुईतून सुरळीत आत जात होतं. बाहेर मात्र थेंब येईना.

ती पहिली सिस्टर बिचारी रडकुंडीला आली. "भैया, दुख रहा है क्या? सॉरी हां, सॉरी," असं सारखं म्हणत होती. मीच तिला धीर देत होतो.

शेवटी डॉक्टरांनी बोटाला टोचलं, साखर तपासायला टोचतात तसं. बोट दाबलं, पिळलं. नुसतं पांढरं पडलं. दुसरं बोट, तिसरं बोट... तेच.

सलीम शेजारून डोळे मोठे करून बघत होता. "अबे, रक्त घरी ठेवून आलास का काय?" म्हणाला, पण त्याला हसू येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, पाणी कमी प्यालं असेल, एसीनं शिरा आकसल्या असतील. असेलही. पण माझे हात गरम होते आणि बीपी अगदी नॉर्मल! माझ्या जागी स्टँडबायवरचा माणूस घेतला आणि मला पोटभर नाश्ता देऊन घालवून दिलं.

साडेनऊच्या बसमध्ये बसलो तेव्हा डोकं असं तापलं होतं म्हणता! स्वतःच्या हातांना शिव्या घालत होतो. ऐन वेळेला दगा दिला मेल्यांनी, आता रिकाम्या हातानं राणीला तोंड कसं दाखवू...

सव्वाबाराला हुमनाबाद मागं पडलं आणि आईचा फोन आला. आवाज ओळखूच येईना.

"राणीला उमरग्याला आणलंय रं. लई रक्त गेलं. पोट फाडून पोरगी काढली, पर हिचं रक्त थांबंना. तिचा गट मिळंना झालाय. तू लांब हायस म्हाईत हाय मला, पर कुणाला तरी इचार की रं..."

ओ निगेटिव्ह. आम्हा दोघा भावंडांचा एकच गट, आणि घरात तिसरा कुणी नाही.

"आई, मी हुमनाबादला आहे. तासाभरात येतो."

"हुमनाबादला? आरं, तू तर पुण्याला..." आणि तिला रडूच फुटलं.

तो तास कसा गेला विचारू नका. एकच भीती होती — तिथंही रक्त आलं नाही तर?

दवाखान्यात पोचल्या पोचल्या रक्त घेणाऱ्या डॉक्टरबाईंना सगळं खरं सांगितलं. मागची स्टडी कधी झाली, आज गोळी घेतलेली नाही, हातांना ही भोकं कशाची, सगळं. आई शेजारीच उभी होती, तिनंही ऐकलं. बाईंनी तपासायला बोटाला टोचलं आणि दाबायच्या आत थेंब टपकन फरशीवर पडला. मग सुई लावली. पिशवी इतक्या झपाट्यानं भरायला लागली की बाईंनी दोनदा वाकून बघितलं. आणि तेवढ्यात आईनं माझा दुसरा हात धरला... सकाळच्या टोचलेल्या सगळ्या जागा ओल्या झाल्या होत्या. दोन्ही हातांवर रक्ताचे बारीक ठिपके उमटले होते. आईनं ते पदरानं टिपले.

सोलापूरहून दुसऱ्या पिशव्या यायला संध्याकाळ झाली. तोपर्यंत तुमच्याच पिशवीवर निभावलं, असं डॉक्टरच म्हणाले. राणी वाचली. भाची आता रांगते आणि माझ्या दुकानातले स्क्रू तोंडात घालते.

आई म्हणते, तुळजापूरच्या आईनं राखलं. सलीम म्हणतो, अल्लाची मेहरबानी. मी शिरा, एसी, पाणी असं सगळं धरून बसलो होतो. त्या दिवशी मी वॉर्डातच राहिलो असतो तर तिसऱ्या दिवशी बाहेर आल्यावर मला काय कळलं असतं, याचा विचार अजून करवत नाही.

घाबरून शिरा आकसल्या असतील, बहिणीच्या काळजीनं रक्त आटलं असेल, असं एक जण म्हणाला. तेही मानलं असतं. म्हणून मी राणीला विचारलं, तुला त्रास नेमका कधी सुरू झाला? ती म्हणाली, नऊ वाजता. सात वाजता ती दारात बसून चहात बटर बुडवून खात होती, आणि शेजारणीशी हसत बोलत होती. तिला स्वतःलाच काही माहीत नव्हतं.

मग माझ्या हातांना कुणी सांगितलं?